थोयाईचा वर्षावास

बांबू तोडण्यात थोयाई चाकचा हात धरेल असा माणूस बाइशारीच्या वरच्या अंगाला शोधून सापडला नसता. कोयत्याचा एक घाव खाली, एक वर, की बांबू आडवा. मग त्यांचा तराफा बांधून तो एकटा ओढ्यातून नदीला लागायचा आणि रामूच्या बाजारापर्यंत उभ्या उभ्या जायचा, लुंगी वर खोचलेली आणि तोंडात विडी. अंगानं असा आडदांड, की तो घरात चढायला लागला की खांबांवरच्या माचाची शिडी कुरकुरायची आणि आतून त्याची बायको मेहला मान वर न करता म्हणायची, "आला माझा हत्ती." पण गावात या हत्तीचं नाव होतं 'अर्धा श्रामणेर'.

हे नाव पडलं तेव्हा तो जेमतेम ओढा एकटा ओलांडण्याच्या वयाचा होता. आम्ही चाक म्हणजे डोंगरातली बौद्ध जमात; आमच्या घरात मुलगा झाला की आई त्याच दिवसापासून त्याच्या चीवराची स्वप्नं बघायला लागते. पोरगं जरा मोठं झालं की आषाढी पौर्णिमेला त्याचं मुंडण करायचं, चीवर नेसवायचं आणि वर्षावासाचे तीन महिने श्रामणेर म्हणून विहारात ठेवायचं. अश्विनी पौर्णिमेला भन्ते त्याला रीतसर मोकळं करतात. मग ते पोरगं आईपुढे बसून पाणी ओततं आणि त्या पाण्याबरोबर आपलं सगळं पुण्य तिच्या पदरात टाकतं, आणि आई 'साधु' म्हणून ते घेते. आमच्याकडच्या बायका सोन्यानाण्याचं फार मनावर घेत नाहीत, कारण त्यांचं खरं धन हे.

थोयाईलाही न्हाव्यापुढे बसवलं होतं. त्याची आई न्युप्रू पांढरं कापड पसरून त्याचे केस झेलत होती आणि मध्येच डोळे पुसत होती. आई रडतेय म्हणजे आपल्याला कायमचं देऊन टाकतायत, असं त्या कार्ट्याच्या डोक्यात शिरलं. अर्धं डोकं झालं होतं. तसाच उठला आणि पळाला तो थेट बांबूच्या बनात. भूक अनावर होऊन बाहेर आला तोवर मुहूर्त टळून गेला होता. पुढच्या वर्षी बाप वारला, घराचा भार अंगावर आला, आणि राहिलं ते राहिलंच.

थोयाईला भाऊ नाही आणि मुलगाही नाही. एक मुलगी, ती लग्न होऊन खालच्या पाड्यात गेलेली. म्हणजे न्युप्रू आजीला पुण्य मिळवून देणारा अख्ख्या जगात हा एकच. आजीनं त्याला जन्मात कधी बोल लावला नाही, आणि नेमकं तेच त्याला जास्त टोचायचं. विहारात पाणी ओतायच्या दिवशी बाकीच्या म्हाताऱ्या पुढे सरसावून बसायच्या, ही मात्र दाराजवळ चपलांशेजारी. "इथं मला वारा लागतो," म्हणायची. कसला वारा! थोयाईला सगळं कळत होतं. तो मान खाली घालून बाहेर निघून जायचा.

त्या वर्षी आजीला खोकल्यानं धरलं आणि तो काही सोडेना. डोंगरउतार जाळून केलेल्या झूमच्या शेतावर जाणं बंद झालं, मग अंगणात उतरणंही. एकदा भाताचं ताट बाजूला सारून ती म्हणाली, "बस झालं, बाबा. आता किती जेवायचं माणसानं." एवढंच म्हणाली. पण थोयाईनं ते धरून ठेवलं. आई अशीच गेली तर तिकडे रिकाम्या हातानं जाणार, आणि ते आपल्यामुळे, हा विचार त्याला कोयता उचलू देईना.

धीर करून तो भन्तेंकडे गेला. भन्ते तरुण, रामूकडून नुकतेच आलेले आणि नियमाला पक्के.

"या की," भन्ते म्हणाले. "वयाचं काही नाही. डोकं करायचं, शीलं तोंडपाठ म्हणायची, आणि रोज सकाळी पात्र घेऊन गावातून फिरायचं."

"गावातून? आमच्याच?"

"मग काय ढाक्यातून?"

थोयाई पाठांतराला बसला. शेजारी त्याच्या गुडघ्याएवढी पोरं घडाघडा पाली म्हणत होती. हा पहिल्या ओळीवर अडखळला, दुसऱ्या ओळीवर घामाघूम झाला आणि तिसऱ्या ओळीपर्यंत पहिली विसरला. पोरं तोंडावर हात ठेवून हसायला लागली. भन्ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." बाजारात चहाच्या टपरीवर बातमी त्याच्याआधी पोचली होती. "थोयाईदा, उरलेलं अर्धं करून घेताय म्हणे? मग न्हाव्याला निम्मेच पैसे द्या हं!" थोयाईनं चहा तसाच ठेवला आणि घरी आला. पुढचं वर्ष आईला मिळणार आहे का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता पास्टरबद्दल सांगायला हवं. वानलियान नाव त्याचं, बोम जमातीचा, रुमाकडचा. ओढ्याच्या उताराशी बांबूचं घर बांधून तो बायको, सहा पोरं आणि एक गिटार घेऊन राहत होता. माणूस सरळ. कुणी तापानं फणफणला की गोळ्या घेऊन जायचा, आणि गोळ्यांबद्दल एक पैसा किंवा एक प्रार्थनाही मागायचा नाही. रविवारी मात्र आपल्या प्रभूची गोष्ट सांगायचा. आमची माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत, हा आमचा जुना रोग. सगळी ऐकायची, माना डोलवायची, "फार चांगलं आहे, पास्टरदा," म्हणायची, त्याला नाप्पी, म्हणजे आंबवलेल्या मासळीचा लगदा, घालून केलेली बांबूच्या कोंबांची भाजी नि भात वाढायची, आणि घरी येऊन बुद्धापुढे मेणबत्ती लावायची. बिचाऱ्याला पहिल्या वर्षी वाटलं सगळं गाव आपलं झालं, आणि दुसऱ्या वर्षी वाटलं की एकही माणूस झाला नाही.

थोयाई एका दुपारी तराफा बांधता बांधता थांबला आणि त्याच्या घराशी गेला.

"पास्टरदा, ते पाण्यात बुडवायचं सांगता, त्याला डोकं करावं लागतं?"

"नाही रे. केसांचा काय संबंध?"

"पाठ काही म्हणायचं?"

"मनापासून 'विश्वास आहे' म्हणालास की पुरे."

"गावातून भिक्षा?"

"छे!"

"आणि संध्याकाळचं जेवण?"

"खा की पोटभर!" पास्टर हसला. "थोयाई, आतला जुना माणूस पाण्यात मरतो आणि नवा वर येतो. एवढंच."

मग थोयाईनं ज्यासाठी तो आला होता ते विचारलं. "माझ्या आईला याचं काही मिळेल?"

"तुझ्या अख्ख्या घराला आशीर्वाद मिळेल," पास्टर म्हणाला, आणि तो अगदी मनापासून म्हणाला.

झालं. थोयाईच्या मनातलं कोडं सुटलं. पास्टरकडेही श्रामणेर करतात, फक्त त्यांची रीत सोपी आहे. इथं कुणी म्हणेल, अरे, किती दिवसांसाठी हे तरी विचारायचंस! पण का विचारेल तो? घरात शिरणारा माणूस बाहेर कधी पडायचं हे विचारून शिरतो का? वर्षावासाला आत जायचं आणि वर्षावास सरला की बाहेर यायचं, हे आमच्याकडे दुधपित्या पोरालाही माहीत असतं. आषाढी पौर्णिमेच्या सुमारास, खालच्या उताराशी, कंबरभर पाण्यात पास्टरनं त्याला मागे झोपवला आणि वर काढला. काठावर पास्टरची बायको आणि शेजारच्या पाड्यातलं एक त्रिपुरी ख्रिस्ती जोडपं, एवढीच माणसं. वर आला तेव्हा थोयाई हुंदके देत होता. पास्टरही रडला. दोन वर्षांनी त्याच्या ओंजळीत काहीतरी पडलं होतं.

थोयाईनं घरी कुणालाच सांगितलं नाही. अश्विनी पौर्णिमेला आईपुढे जाऊन बसायचं, पाणी ओतायचं आणि तिला चकित करायचं, असा त्याचा बेत होता.

पण श्रामणेर म्हटला की त्यानं श्रामणेरासारखं राहायला नको का? पास्टरनं सूट दिली होती, पण थोयाईला ती बरी वाटेना. सोपी रीत म्हणजे कमी पुण्य, असा त्यानं आपला हिशेब केला. म्हणून त्यानं दुपारनंतरचं जेवण सोडलं. भाताची दारू सोडली, ती सोडताना दोन दिवस त्याचे हात थरथरत होते. कोंबडी मारायची वेळ आली की तो रानात निघून जायचा. आणि श्रामणेरानं बाईला शिवायचं नसतं, म्हणून आपली चटई उचलून त्यानं बाहेरच्या उघड्या माचावर टाकली.

मेहलाला आधी वाटलं उकडत असेल. मग पाऊस पडायला लागला तरी हा बाहेरच, डोक्यावर प्लास्टिक ओढून.

"आत ये."

"नको."

"का नको? मी चावते?"

"तसं नाही गं."

"मग कसं आहे ते सांग. मी भात वाढते तर खात नाहीस, दारू ठेवते तर बघत नाहीस, आणि काल माझ्या हातून पाण्याचा लोटा घेतलास तो खाली ठेवायला लावून घेतलास! मला काय महारोग झालाय?"

थोयाईनं प्लास्टिक आणखी पुढे ओढलं. सांगावं तर बेत फुटतो.

"तुम्ही अंदो कुळीचे सगळे असेच," मेहला कडाडली. "माझी आई सांगत होती, ङारेकांच्या मुलीनं अंदोकडे जायचं म्हणजे दगडाशी बोलायची सवय हवी. पण दुसरा नवराच नाही चाकांच्या मुलीला! कुळ्या दोनच, आपल्या कुळीत लग्न चालत नाही, जाणार कुठं?"

आतून आजी खोकत खोकत म्हणाली, "अगं, मीसुद्धा ङारेकच. मी काढलाच ना जन्म." मेहलाला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही.

महिना गेला, दुसरा गेला. बाजारात मेहलाला ती त्रिपुरी बाई भेटली आणि तिनं हिचे दोन्ही हात धरले. "ताई, किती भाग्याची तू! तुझा नवरा प्रभूचा झाला. त्याला पाण्यातून वर येताना मी डोळ्यांनी पाहिलं." मेहलानं हळदीची टोपली तिथंच ठेवली आणि तरातरा उताराशी गेली. पास्टर गिटारची तार बसवत होता.

"पास्टरदा, तुमच्या धर्मात बायकोजवळ झोपायची बंदी आहे?"

वानलियानच्या हातातली तार सुटली. मागे अंगणात त्याची सहा पोरं खेळत होती. त्यानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा मेहलाकडे. "ताई, असं... असं कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला हवं? तुम्ही माझ्या नवऱ्याला बुडवलात तेव्हापासून तो ओल्या कुत्र्यासारखा बाहेर झोपतोय. मला नवरा परत हवा. देव तुमचा तुमच्यापाशी ठेवा."

पास्टर त्याच संध्याकाळी थोयाईला भेटला. "मी तुला असं काही सांगितलं होतं का?"

"नाही, पास्टरदा. पण रीत असते ना."

"दारू?"

"सोडली."

"जेवण?"

"दुपारपर्यंतच."

रुमाकडे पास्टरच्या मंडळीत पिढ्यानपिढ्यांचे ख्रिस्ती होते आणि त्यांच्याकडून दारू सोडवता सोडवता त्याच्या नाकी नऊ आले होते. इथं हा कालचा माणूस न सांगता एवढं करत होता. हे पवित्र आत्म्याचं काम असेल, असं त्याला वाटलं. मग मेहलाचं तोंड आठवलं आणि ते तसं वाटेनासं झालं. "बायकोजवळ झोपायला हरकत नाही," एवढं म्हणून तो परतला, पण मनातला गोंधळ त्यालाही निस्तरेना.

अश्विनी पौर्णिमेची सकाळ उजाडली. थोयाईनं आंघोळ केली, तबकात लाह्या, फुलं आणि मेणबत्त्या घेतल्या आणि नवी लुंगी नेसून पास्टरच्या दारात गेला. गुडघे टेकून त्यानं तबक पुढे केलं.

"पास्टरदा, वर्षावास सरला. आता मला मोकळं करा."

"कशातून?"

"तुम्ही घातलंत त्यातून. काय म्हणायचं असतं ते म्हणा, म्हणजे मी आईकडे जातो. ती वाट... म्हणजे तिला माहीत नाही, पण वाट बघतेय."

वानलियान त्याच्यासमोर जमिनीवरच बसला. त्यानं सगळं विचारून घेतलं, आणि थोयाईनंही सगळं सरळ सांगितलं: न्हावी, पाठांतर, टपरी, खोकला. ऐकता ऐकता पास्टरचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे तू... तीन महिन्यांसाठी?"

"मग अजून किती?"

"थोयाई, हे कायमचं असतं रे. नवा जन्म परत कसा देणार? तसा विधीच नाही आमच्याकडे."

"नाही?" थोयाई गोंधळला. "आत जायचा आहे आणि बाहेर यायचा नाही? असं कसं घर बांधलंय तुम्ही?"

"मग त्या दिवशी पाण्यातून वर येताना तू रडलास ते काय होतं?"

थोयाईनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाकात पाणी गेलं होतं. आणि आईची फार आठवण आली. आणि... अजून काहीतरी होतं, पास्टरदा. ते काय ते मला नाही सांगता येत."

त्या 'अजून काहीतरी'नं वानलियान आणखीच अडकला. नुसतं नाकातलं पाणी असतं तर त्यानं याला हसून घरी पाठवलं असतं. "मी तुला खोटं नाही सांगू शकत," तो शेवटी म्हणाला. "'तू मोकळा झालास' असं म्हटलं तर ते माझ्या प्रभूशी खोटं होईल. मला माफ कर." आणि तबक त्यानं दोन्ही हातांनी हळूच परत सारलं.

थोयाई ते तबक घेऊन विहारात गेला. तिथं गर्दी जमायला लागली होती. भन्ते ओसरीवर भेटले. त्यांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला आठी घातली.

"मी दिलं नाही ते मी कसं परत घेऊ?"

"मग तुम्ही द्या आणि लगेच घ्या."

"हा काय खेळ आहे?" भन्ते म्हणाले. मग जरा नरमले. "बरं, पाण्यात जाण्याआधी आईची परवानगी घेतली होती?"

"नाही. तिला सांगितलंच नव्हतं."

"मग प्रश्नच मिटला. आईबापाच्या परवानगीशिवाय घर सोडता येत नाही. आमच्या नियमानं पाहिलं तर ते झालंच नाही."

थोयाई पिंपळाखाली उभा राहिला. एक म्हणतो, झालं ते कधीच पुसता येणार नाही. दुसरा म्हणतो, ते झालंच नाही. मग तीन महिने संध्याकाळी पोट आवळून तो काय करत होता? पावसात भिजला तो कोण होता? तो ख्रिस्ती होता, की बौद्ध होता, की अजून अर्धाच होता? त्याला राग यावा तर कुणाचा, तेही कळेना. दोघंही त्याच्याशी चांगलंच वागले होते. तबकातल्या मेणबत्त्या उन्हानं वाकल्या होत्या. त्याला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, पण विहाराच्या आवारात ओरडत नाहीत.

तेवढ्यात मेहला आली. पाठीवरच्या टोपलीत तिनं आजीला बसवून आणलं होतं, कपाळावरून पट्टा घेऊन, जसं सरपण आणतात तसं. मागोमाग पास्टर आला. त्याला घरी बसवेना. तो आवाराच्या कुंपणाशी टोपी हातात घेऊन थांबला. मेहलानं टोपली उतरवली आणि कमरेवर हात ठेवले.

"पास्टरदानं मला सांगितलं आणि मी आईला, सगळं," ती नवऱ्याला म्हणाली. "तू सांगणार नव्हतासच. अरे, आधी बोलला असतास तर मीच चटई बाहेर टाकून दिली असती तुला!"

आजी ओसरीच्या पायरीवर बसली. तिनं धाप आवरली. मग तिनं भन्तेंना हात जोडले. "दारात माणसं सांगत होती, परवानगीचं काहीतरी म्हणत होतात ना, भन्ते?"

"हो, आजी. यानं तुम्हाला विचारलं नव्हतं."

"विचारलं होतं की. एवढासा होता तेव्हा. मी 'हो' म्हटलं, कापड पसरलं, अर्धे केसही झेलले. तो पळून गेला हे खरं. पण मी माझं 'हो' परत कधी घेतलं? तुम्हाला कुणी सांगितलं, मी परत घेतलं म्हणून?"

थोयाई आईकडे बघतच राहिला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आई गप्प आहे ती रागानं.

आजी कुंपणाकडे वळली. "आणि तू रे पास्टर, इकडे ये. तू माझ्या पोराला पाण्यात आडवा केलास आणि बुडू दिलं नाहीस, तुझं भलं होवो. आता सांग, यानं मिळवलं ते मला मिळतं का?"

वानलियान टोपी घेऊन पायरीशी आला. "आजी, आमच्यात... एकानं दुसऱ्यासाठी असं मिळवता येत नाही. आमच्या प्रभूनंच फक्त सगळ्यांसाठी ते केलंय."

"म्हणजे एकानं दुसऱ्यासाठी केलेलं चालतं तर."

"चालतं... म्हणजे, तसं नाही, आजी..." तो थांबला. त्याला उत्तर येत होतं, दोन वर्षं तो तेच शिकवत होता, पण या म्हातारीच्या तोंडाकडे बघून ते बाहेर पडेना. "मला नाही सांगता येत," तो म्हणाला.

आजीनं भन्तेंकडे बघितलं. "आणि तुम्हाला?"

भन्तेंनी चीवर सावरलं. "आपल्या विधीनं झालेलं नाही ते. पण तीन महिने तो जसा राहिला तसे आमच्यातले फार थोडे राहतात." त्यांचा आवाज खाली गेला. "त्याचं काय होतं, ते मलाही माहीत नाही."

"दोघांनाही माहीत नाही ना? मग दोघंही जरा बाजूला बसा," आजी म्हणाली. "थोयाई, पाणी आण."

मेहलाच पळत जाऊन पितळी झारी घेऊन आली. थोयाई आईसमोर गुडघे टेकून बसला. त्याच्या एवढ्या मोठ्या हातात ती झारी इवलीशी दिसत होती. आवारातली माणसं जवळ आली. टपरीवरची तीच माणसं होती, पण आज हात जोडून. थोयाईला पालीतली पहिली ओळही आठवत नव्हती.

"काय म्हणू, आई?"

"तुला जे येतं ते म्हण."

त्यानं झारी वाकडी केली. पाण्याची बारीक धार पायरीवरून मातीत पडायला लागली.

"आई, मी पाण्यात गेलो होतो. कुणाच्या नावानं गेलो ते मला नीट समजलं नाही. दारू सोडली. रात्रीचं जेवण सोडलं, त्याचा फार त्रास झाला. मेहलाला छळलं. लहानपणी मी तुझ्यापासून पळालो, कारण मला वाटलं तू मला देऊन टाकतेयस." पाणी तसंच पडत होतं. "हे तीन महिने काय झालं, ते कुणालाच सांगता येत नाही. पुण्य झालं, पाप झालं, की काहीच झालं नाही, मला माहीत नाही. पण जे काही झालं असेल, ते सगळं तुझं."

न्युप्रू आजीनं हात जोडले होते, पण ती लहान मुलीसारखी मोठ्यानं रडायला लागली. 'साधु' म्हणायचं तिला भान राहिलं नाही. ते तिच्यासाठी मेहलानं म्हटलं.